लवकरच

कॅमेरा इवनच्या बापाला फुटबॉल क्लबाच्या सोडतीत लागला,
दुसरं बक्षीस.
पहिलं बक्षीस अर्धा बैल होता, कापून, पिशव्यांत भरून,
आणि बाप महिनाभर त्या अर्ध्या बैलासाठी हळहळत राहिला.

आम्हाला चंद्र बांधावा लागला नाही.
तांबं वितळवणाऱ्यांनी आधीच सेट लावून ठेवला होता:
झाडं भट्टीत गेली, उरलेली धुरानं मेली,
माती पावसानं नेली,
राहिल्या टेकड्या, गुलाबी, पिवळ्या, सोललेल्या.
बाकीचं तस्मानिया हिरवं.
बाहेरचे लोक गाडी थांबवून फोटो काढत.
आम्हाला वाटे, कौतुकानं.

सिनेमाला पैसे लागतात, ट्रेलरला नाही.
इवन म्हणाला, चांगलं तेवढंच करू,
मधलं कोण बघतं.

अंतराळवीर मी.
पोशाख म्हाताऱ्या क्लाइव्हचा, भट्टीपुढे उभं राहायचा,
भट्टी बंद पडली त्या दिवशी त्यानं घरी आणलेला, चंदेरी,
ढोपरांशी जळका.
डोक्यावर माशांची काचेची बरणी.
दोन श्वासांत आत धुकं,
मग मी चाचपडत चालायची
आणि इवन ओरडायचा, झकास! हरवल्यासारखी दिसतेस!

नावाची अक्षरं खाटकाच्या दरफलकावरून उसनी आणली.
पुरली नाहीत,
म्हणून 'चंद्रावरून परतीचा प्रवास'चं नुसतं 'परत' झालं.
चित्र थांबवून पाहिलं तर मागे
कोकराच्या फऱ्याचा भाव दिसतो.

कोपऱ्यात तारीख.
ती कशी घालवायची ते पुस्तिकेत होतं,
पुस्तिका कुत्र्यानं खाल्ली होती.
म्हणून सन एकवीसशे नव्वदमध्येही
खाली उजवीकडे १३ जुलै ९६,
दुपारचे तीन बारा.

आवाज मागाहून घालायची सोय नव्हती.
क्लाइव्ह कॅमेऱ्यामागे उभा, कागद वाऱ्यात घट्ट धरून:
'एक माणूस. एक ग्रह. आणि...'
आणि खोकला.
तळातून आलेला, लांबलेला,
माइकला सगळ्यात जवळचा.
काढणार कसा?
थांबायच्या बटणाखेरीज आमच्याकडे कात्री नव्हती.
लोकांना वाटलं, राक्षस आहे, पडद्याबाहेरचा.

शेवटी उतारावर, मैदान आखायच्या चुन्यानं,
'लवकरच'.
एकेक अक्षर घराएवढं.
तेवढं टिपलं, बॅटरी मेली, पाऊस आला.
इथे तो तासाआड येतो.
चुना ओढ्यात गेला,
ओढा होताच नारिंगी, कुणाला कळलंही नाही.

क्लबात दाखवला. तीन मिनिटं चाळीस सेकंद.
मिसेस वूयचिक खुर्च्या ओलांडत आल्या,
माझ्या मुठीत दोन डॉलरचं नाणं दाबलं:
तिकीट. कडेची जागा दे, गुडघा वाकत नाही.
सिनेमा नाहीच आहे हे सांगायला
मी इवनकडे पाहिलं.
इवन बुटांकडे.

पुढच्या वर्षी, पावाच्या दुकानात: केव्हा?
लवकरच.
त्याच्या पुढल्या वर्षी, पोस्टात: केव्हा गं?
इवन तोवर बर्नीला टायर विकत होता.
क्लाइव्हच्या दफनाला पोशाख पेटीवर घालावा
असं कुणीतरी सुचवलं,
पण बरणी आणि तो, दोन्ही माझ्याकडे होते,
आणि मी बोलले नाही.

आता ते दृश्य पुन्हा घेता यायचं नाही.
टेकड्यांवर झुडपं आलीत, नेचे, कुठे कुठे खरं झाड.
क्लबात म्हणतात, चंद्र उगवायला लागला.
म्हातारे कुरकुरतात, त्यांना तो बोडकाच आवडायचा.

गेल्या हिवाळ्यात मिसेस वूयचिकना इस्पितळात भेटले.
नाणं घेऊन गेले होते, परत द्यायला.
त्यांनी केव्हा असं विचारलंच नाही.
म्हणाल्या, तो माणूस,
काचेतला,
पोचतो का घरी?

त्यांच्या नवऱ्याचं नाव खाणीच्या फाटकाशी
फळीवर आहे, वरून सातवं.

पोचतो, मी म्हटलं. उशीर होतो, पण पोचतो.
नाणं खिशातच राहिलं.

रात्री इवनला फोन केला, सगळं सांगितलं.
पलीकडे कुणीतरी पाना खाली टाकला.
मग तो म्हणाला,
ट्रेलरमध्ये शेवट सांगत नसतात.